वगळायच्या यादीतली ओळ

आमच्या घरात भलत्या वेळी मिक्सर लागला की समजायचं, दादाचा हात सुटला आहे. आई भांडं रिकामंच ठेवायची. आत ना खोबरं, ना लसूण. नुसती पाती फिरायची आणि तो घरघराट सोप्यातून बोळापर्यंत जायचा. आतलं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. शेजारणी काही दुधखुळ्या नव्हत्या. एकीनं आईला एकदा विचारलंच, की तुमच्यात चटणी इतकी रोज रोज लागते कशी हो. आई म्हणाली, आमची माणसं तिखट खाणारी आहेत. मी तेव्हा हसले होते. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, आणि ती इथं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेली बरी, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी फार चांगली दिसणार नाही.

घर मंगळवार पेठेतल्या एका बोळात. पुढं सोपा, मधे स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि वर पत्र्याची एक खोली. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. ते गेले आणि पाठोपाठ खिळ्यांचे छापखानेही गेले, तेव्हा दादानं सोप्यात कॉम्प्युटर आणून लग्नपत्रिका, हँडबिलं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट असली कामं सुरू केली. वडिलांकडून दादाला प्रूफ तपासायची नजर आली आणि हात आला. वडीलही मारायचे, पण ते दमेकरी होते, लवकर थकायचे. दादा थकत नव्हता. टायपिंग माझ्याकडं, गिऱ्हाईक आणि प्रूफ त्याच्याकडं. पत्रिकेचा कागद समोर घेऊन तो तांबडी पेन्सिल एकेका शब्दाखालून अशी न्यायचा, की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस किती काळजीचा आहे. कुणाच्या आजोबांचं नाव आधी, कुणाच्या मामाचं नंतर, यावरून सोप्यात दोन्हीकडचे पावणे भांडायला लागले की दादा मधे पडून, चहा पाजून, गोडीगुलाबीनं मिटवायचा. बाहेर त्याचं नाव फार चांगलं होतं. अजूनही आहे.

वहिनीचं नाव मालन. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून एकोणिसाव्या वर्षी ती आमच्या घरी आली. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तरी मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला वन्सं. तिच्या हातची भाकरी पापुद्रा धरून फुगायची. ताटात ती भाकरी, वर चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांदा-लसणाची चटणी आणि तिच्यावर खळगा करून सोडलेलं कच्चं तेल. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून ती मिरच्या भाजायला बसली, की सोप्यात मजकूर द्यायला आलेली अख्खी वऱ्हाडं शिंकायची आणि दादा त्यांच्याबरोबर हसायचा. गिऱ्हाईक गेलं की त्याच शिंकांपायी तिच्या पाठीत लाथ बसायची. भाकरीला डाग पडला, पोस्टमनशी बोलताना पदर घसरला, काहीही चालायचं. मारायचं ठरलेलं असलं की कारण आपल्या पायानं चालत येतं. हातानं, कमरेच्या पट्ट्यानं, कागद कापायच्या लोखंडी पट्टीनं. एकदा तिचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, न्हाणीत घसरली. डॉक्टर बरे होते. त्यांनी चिठ्ठीवर ‘मारहाणीची शक्यता’ असं लिहिलं आणि ती घडी करून वहिनीच्या चांगल्या हातात दिली.

आता एका सीडीकडं येते. कॉम्प्युटर जुना झाला होता, मधेच गोठायचा. उन्हाळ्यात आम्ही त्याच्या खोक्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावायचो. दादानं कुठूनशी साफसफाईच्या सॉफ्टवेअरची एक सीडी आणली. पडद्यावर केरसुणीचं चित्र यायचं, त्यावर क्लिक केलं की मशीनमधला कचरा पुसला जायचा आणि किती पुसला त्याचा आकडा यायचा. त्या आकड्याचं दादाला वेड लागलं. टाइप करायला त्याला एक ओळ येत नव्हती, पण दर शनिवारी दुकान बंद करताना समोरच्या सगळ्या चौकटींत खुणा करून तो केरसुणी चालवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आमचं मशीन कसं आरशासारखं आहे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस. त्यात ‘अॅडव्हान्स’ नावाचं एक पान होतं. ते उघडलं की इंग्रजीत इशारा यायचा, की समजत असेल तरच पुढं जा. दादा तिथं जायचा नाही. समजत नाही हे त्याला मशीनसमोरसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

एका शनिवारी त्या केरसुणीनं एका गिऱ्हाइकाची तयार पत्रिका खाल्ली. आमची रीतच तशी होती. गिऱ्हाइकानं सही करेपर्यंतचा मजकूर कच्चा, आणि कच्चं सगळं आम्ही ‘टेंप’ नावाच्या घडीत, म्हणजे फोल्डरमध्ये, टाकायचो, कारण मजकूर तात्पुरता आणि नावही तात्पुरतं. केरसुणीच्या लेखी टेंप म्हणजे उकिरडा. पत्रिका गेली ती केरसुणीनं खाल्ली, पण त्या दिवशी मार खाल्ला वहिनीनं. तिचा मशीनशी संबंध काय, असं मी विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत नजीरभाईंकडं गेले.

नजीरभाई मशीन दुरुस्त करायचे. माळ्यावरचं दुकान, डोळ्याला भिंग, जिभेवर मध. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि त्यांनी अॅडव्हान्सचं एकेक पान मला शिकवलं. टेंपमधलं फक्त एक दिवसापेक्षा जुनंच पुसा असं सांगता येतं. सहा महिने कुणी हात न लावलेल्या फायली शोधून पुसता येतात. ‘एक्सक्लूड’ म्हणजे वगळायची यादी, तिच्यात ज्या घडीचं नाव घालाल तिला केरसुणी शिवणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, रिकामी जागा पुसा. हे मला कळेना. रिकामी जागा आणि पुसायची कशाला? नजीरभाई म्हणाले, “ताई, घरपट्टीच्या वहीतनं नाव खोडलं म्हणून घर पडतंय व्हय? फाइल पुसली म्हंजे नाव खोडलं. घर तितंच असतंय, कुणी नवं बांधस्तवर. ही खूण केली की मशीन त्या जागेवर नांगर फिरवतंय. मग काय घावत न्हाय.” दुसऱ्या दिवशी मी एक दिवसाची खूण करून ठेवली आणि आमच्या पत्रिका वाचल्या. घरातलं कुणीतरी काहीतरी समजून घेतंय याचा मला केवढा आनंद झाला होता.

वहिनीनं हे सगळं पाहिलं होतं. एका दुपारी लसूण सोलत ती माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “वन्सं, तुमी जगाच्या लग्नाचं लिवता. माझं बी लिवा की.” मी काय लिहू म्हटलं. ती म्हणाली, जसं झालं तसं. कागदावर ठेवायची सोय नव्हती. आई ट्रंका उपसायची आणि दादा सापडेल ते न्हाणीतल्या बंबात घालायचा. मनगटाची ती चिठ्ठी वहिनीनं तांदळाच्या डब्यात लपवली होती. मी ती स्कॅन करून घेतली, आणि चौथ्या दिवशी डबा उपसला गेला, चिठ्ठी बंबात गेली. तेव्हापासून जे काही, ते मशीनमध्ये. मी रकाने आखले. कधी, कशानं, कुठं. चौथा रकाना वहिनीनं सांगितला, घरात कोण होतं. ती सांगायची, मी टाइप करायचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी, सासूबाई, शोभा. सासूबाई, शोभा. माझं स्वतःचं नाव मी इतक्या वेळा टाइप केलं की बोटांना ते पाठ झालं, तरी एकदाही ती बोटं थांबली नाहीत. यादी चाळीस ओळींच्या पुढं गेली. तिचा मामा पंचायत समितीत शिपाई होता. तो म्हणाला होता, पुरावा आण, मग बघतो कोण हात लावतंय ते. ती दिवाळीला माहेरी जाईल तेव्हा छापून न्यायचं असं ठरलं.

आता सहा महिने हात न लागलेल्या फायली पुसण्याचा पर्याय मला झोपू देईना. दादाच्या बोटाला कधी ती चौकट सापडली तर? म्हणून मी शहाणपणा केला. ‘जुनी पत्रिका’ असल्या साळसूद नावाची घडी केली, तिच्यात यादी आणि चिठ्ठी ठेवली, आणि त्या घडीचं नाव वगळायच्या यादीत घातलं. यादीत ती एकच ओळ होती. हल्ली माझा फोन दर दोन दिवसांनी मला विचारतो, साफ करू का म्हणून. मी नाही म्हणते. पन्नाशी उलटून गेली तरी त्या प्रश्नाला हो म्हणायला बोट धजत नाही.

वैशाखाचे दिवस, लग्नांची घाई. मी कागदाचं रीम आणायला गेले होते. मशीन पुन्हा गोठलं आणि कुणीतरी गिऱ्हाईक दादाला म्हणालं, अहो, अॅडव्हान्समध्ये जावा की, तिथं खरा कचरा असतोय. चारचौघांत नाही कसं म्हणणार? गिऱ्हाईक गेल्यावर दादानं ते पान उघडलं. मजकूर इंग्रजी, पण एका ठिकाणी एक यादी, आणि यादीत एकच ओळ. प्रूफ तपासणाऱ्याची नजर ती. अख्ख्या मशीनमध्ये हजारो फायली, त्यातली एकच तेवढी कुणालातरी जपावीशी वाटते, हे कळायला इंग्रजी लागत नाही. मी चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या, आणि वर पत्ताही लिहून दिला होता.

मी परत आले तेव्हा तो वाचत बसला होता. पडद्यावर बोट ठेवून, एकेका शब्दाखालून, पत्रिका वाचावी तसा. मी रीम दारातच खाली ठेवलं. मान न वळवता तो म्हणाला, “शोभे, ही तारीख चुकल्या. तवा मी पन्हाळ्याला गेलतो. दुसऱ्या दिशी मारलं हुतं.” मग खाली सरकून, “हितं पट्टा न्हवता. हात हुता.” त्याचा आवाज अगदी शांत होता. त्या आवाजाइतकी भीती मी आजतागायत दुसऱ्या कशाची घेतलेली नाही. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यानं घडी पुसली, कचऱ्याची टोपली रिकामी केली, केरसुणीच्या पानावर जाऊन दिसेल त्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या. शेवटची, रिकाम्या जागेची सुद्धा. काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, पण मला कळत होतं. हिरवी पट्टी डावीकडून सरकायला लागली. मग तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

आतून आधी परात पडल्याचा आवाज आला. पीठ भरलेल्या हातांच्या वहिनीला त्यानं वेणीला धरून फरफटत सोप्यात आणलं. त्यानं तिचं तोंड पडद्यासमोर धरलं. “बघ. तुझं रामायण कसं पुसाय लागलंय बघ.” आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा. आतून मिक्सर लागला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा हाडाचा आवाज त्या मिक्सरमधूनही ऐकू आला. त्यानं तिला फिरवली आणि डाव्या कानावर अशी एक ठेवून दिली, की ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसली. कानातून बारीक धार मानेवर उतरली. तो लाथ घालत होता, पोटात, बरगड्यांत, आणि प्रत्येक लाथेबरोबर त्या यादीतली एकेक ओळ म्हणत होता. कधी, कशानं, कुठं.

मी काय केलं ते सांगते. मी आधी वहिनीकडं गेले नाही. मी टेबलाखाली शिरले आणि वायर उपटली. पट्टी पुढं जाईल तेवढं घर नांगरलं जाईल, हे नजीरभाईंचं बोलणं डोक्यात होतं, आणि मी माणूस सोडून मशीन वाचवायला धावले. तेवढ्यात तिला अजून दोन बसल्या. वायर टेबलाखालच्या स्टॅबिलायझरची होती. तो चार-पाच किलोचा लोखंडी डबा वायरीसकट माझ्या हातात आला. मी टेबलाखालून बाहेर आले आणि तो दोन्ही हातांनी दादाच्या खांद्यावर घातला. कडकन आवाज झाला. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तो खाली बसला, तोंड उघडं, आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तोंडाला पाणी सुटावं तसं बरं वाटलं. मी डबा पुन्हा उचलला, या खेपेला डोक्यासाठी. तेव्हा आईनं मागून येऊन माझे हात धरले. इतकी वर्षं त्या घरात हात उठत होता, आणि आईनं धरला तो पहिला हात माझा. “माझं लेकरू मरंल,” म्हणाली. तिला आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मी समजू शकते. पण वहिनी कुणाचा दात आणि कुणाचा ओठ होती?

आईला ढकलून मी वहिनीला उठवलं. दादा भिंतीला टेकून शिव्या देत होता, तुला कळंब्याच्या तुरुंगात सडवीन म्हणत होता. मी म्हटलं, “सडव. पण तिथं आधी तू जाशील.” मशीनचं खोकं उचललं, बोळाच्या तोंडाशी रिक्षा केली. एका बाजूला वहिनी, मांडीवर खोकं, झाकण उघडं, आत तिच्या मानेवरचे थेंब पडत होते आणि मी पदरानं ते टिपत होते. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि न विचारता दवाखान्याशी थांबवली. डॉक्टर तेच. कानाचा पडदा फाटला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या. या वेळी त्यांनी चिठ्ठीवर ‘शक्यता’ हा शब्द लिहिला नाही.

नजीरभाईंनी मशीन आठ दिवस ठेवून घेतलं. त्यातला फायली साठवणारा भाग त्यांनी दुसऱ्या मशीनला जोडला आणि पुसलेलं हुडकायचा प्रोग्रॅम लावला. वहिनी तेवढे दिवस मामाकडं होती आणि मी एका मैत्रिणीच्या घरी. आठव्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना बोलावणं धाडलं. यादी सगळी आली होती. मनगटाची चिठ्ठी अर्धीच आली, डॉक्टरांचं नाव आणि ‘मारहाणीची’ एवढा शब्द, त्याखाली सगळं राखाडी. नांगर तिथवर पोचला होता. मी वहिनीसमोर हात जोडले आणि सांगितलं, की वगळायच्या यादीत मी ते नाव घातलं नसतं तर त्याला कधी सापडलं नसतं. तिनं उजवा कान माझ्याकडं केला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, की ठेवायची तर कुठंतरी लागलीच असती. डाव्या कानानं तिला पुढं कधीच ऐकू आलं नाही. केस उभी राहिली, लांबली, शेवटी सोडचिठ्ठी झाली. वहिनी आता तिच्या वाडीत अंगणवाडी चालवते. पोरं तिच्या उजव्या बाजूला बसायला भांडतात. दादाला मी त्यानंतर दोनदाच भेटले, दोन्ही वेळा मयतीला.

त्या दिवशी नजीरभाईंच्या माळ्यावर मी यादी छापायला घेतली, तर वहिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

“वन्सं, एक ऱ्हायलंय.”

मी म्हटलं, कुठलं?

“पत्रिकांच्या गठ्ठ्यावर माझ्या हातनं त्याल सांडलं हुतं, तवाचं.”

मला आठवायला वेळ लागला नाही. मला ते सगळा वेळ आठवतच होतं. दोनशे पत्रिका खराब झाल्या होत्या, दादा घरात नव्हता, आणि मी लोखंडी पट्टी उचलून तिच्या उजव्या हातावर मारली होती. एकदा नाही, तीनदा. यादी टाइप करताना ती गोष्ट निघाली की मी तिला पुढचं सांगायला लावायचे आणि ती सांगायची. मी मनाशी धरलं होतं, की माझं वेगळं, माझं कामापायी होतं.

“ते बी लिवा,” ती म्हणाली. “न्हाईतर बाकीचं बी मला खोटं वाटंल.”

नजीरभाई चहा सांगायला म्हणून खाली उतरून गेले. मी ओळ घेतली. कधी, ते तिनं सांगितलं. कशानं, लोखंडी पट्टी. कुठं, उजव्या हाताची बोटं. घरात कोण होतं, सासूबाई. कुणी मारलं याचा रकानाच नव्हता, कारण इतके दिवस तो लागलाच नव्हता. मी नवा रकाना आखला आणि वरपासून प्रत्येक ओळीत दादाचं नाव भरत खाली आले. शेवटच्या ओळीत नुसतं ‘शोभा’ लिहिलं. तिनं ते पूर्ण लिहायला सांगितलं, बापाच्या नावासकट. मी लिहिलं. कागद बाहेर आला, तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली सही केली. साक्षीदाराच्या जागी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिथं मी केली.